को-ड्रायव्हरचा ‘चार’ आपल्या हातात कसा उतरवायचा

ऐरोलीचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, विचारतोय: "दादा, आतेभावाचं सेकंडहँड स्टिअरिंग मिळालंय, त्यावर ‘डर्ट रॅली’ खेळतो. शेजारी बसलेला माणूस ‘लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट, फिफ्टी, राइट थ्री टाइटन्स, डोंट कट’ असं एका दमात बोलतो. मला अर्थ लागेपर्यंत गाडी झाडावर गेलेली असते. शेवटी आवाज बंद केला आणि स्क्रीनवर येणारे बाण बघून चालवतो. पण वेळ काही कमी होत नाही. हे शिकायचं कसं?"

दादा म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बरीच वर्षं रॅलीत नेव्हिगेटरच्या, म्हणजे को-ड्रायव्हरच्या, सीटवर बसलोय, म्हणजे तुझ्या गेममधला तो माणूस जे करतो तेच काम केलंय. गेम माझ्या आयुष्यात नंतर आले आणि आता आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तरी त्यात जातात. बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पहिलं काम, आवाज परत चालू कर. बाण दिसतात ते डोळ्यांना, आणि रॅलीत डोळ्यांना आधीच पुरेसं काम असतं. मुरूम सैल आहे का, चाकोरी कुठून जातेय, कडेला दगड आहे का, हे सगळं डोळ्यांनीच बघायचं. कान मात्र मोकळे असतात. बाण बघणारा माणूस अर्धा वेळ रस्ता सोडून स्क्रीनच्या वरच्या भागाकडे बघत असतो. वेळ कमी होत नाही त्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. खऱ्या रॅलीत नोट्स, म्हणजे वळणावळणाने लिहिलेलं रस्त्याचं वर्णन, ड्रायव्हरच्या स्वतःच्या असतात. रॅलीच्या आधी रेकी, म्हणजे रस्त्याची पाहणी, असते. जागतिक अजिंक्यपद रॅलीत प्रत्येक स्टेजवरून, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावरून, साधारण दोनदा, मर्यादित वेगाने जायला मिळतं. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बघत बघत बोलतो, "डावं चार, लांब, पन्नास," आणि नेव्हिगेटर लिहून घेतो. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटर वाचतो आणि ड्रायव्हर दुरुस्त्या सांगतो. म्हणजे स्टेजच्या दिवशी ड्रायव्हरला स्वतःचेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतात. ‘चार’ म्हणजे किती, हे त्याचं त्यानेच ठरवलेलं असतं.

तुझ्या बाबतीत तसं नाही. तुला दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाने लिहिलेल्या नोट्स मिळतात. शिंप्याने शेजाऱ्याच्या मापाचा शर्ट शिवून तुझ्या हातात द्यावा, तसं. इंग्रजी शब्द पाठ करून हे सुटणार नाही. त्या माणसाचा ‘चार’ तुझ्या हातांना किती वाटतो, हे आधी जुळवून घ्यावं लागेल.

आकड्यांचा हिशेब पटकन सांगतो. बहुतेक गेममध्ये ६ म्हणजे जेमतेम वळण, पाय जवळजवळ उचलायचाच नाही. तिथून खाली येत १ म्हणजे अगदी घट्ट. त्याच्याही खाली ‘स्क्वेअर’, म्हणजे चौकातल्यासारखं काटकोनी वळण, आणि ‘हेअरपिन’, म्हणजे घाटातलं पूर्ण मागे फिरणारं वळण. कुणी दिशा आधी बोलतो, कुणी आकडा आधी. काही ड्रायव्हर उलटा क्रमही वापरतात, म्हणजे १ वेगवान आणि ६ मंद. २००४ सालच्या ‘रिचर्ड बर्न्स रॅली’त आकडेच नव्हते, शब्द होते. मंद वळणापासून वेगवान वळणाकडे गेलं तर हेअरपिन, नाइन्टी, के, मीडियम, फास्ट, ईझी असा क्रम लागायचा. त्या गेममधला आवाज रॉबर्ट रीड यांचा, जे २००१ साली रिचर्ड बर्न्सबरोबर जगज्जेते झाले. १९९८ च्या ‘कॉलिन मॅकरे रॅली’त मॅकरेंचे खरे को-ड्रायव्हर निकी ग्रिस्ट बोलतात. मिळालं तर दोघांचंही ऐक. शब्द वेगळे, पद्धत वेगळी, पण सांगायचं तेच. वळण किती घट्ट आहे.

किती घट्ट, एवढंच. किती वेगाने जायचं हे आकडा सांगत नाही. आकडा म्हणजे गिअर अशीही एक समजूत आहे. सुरुवातीला अंदाज बांधायला ती ठीक आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. फिनलंडच्या मातीवरचा ‘चार’, जर्मनीच्या डांबरावरचा ‘चार’ आणि स्वीडनच्या बर्फावरचा ‘चार’ आकाराने सारखाच असतो. ब्रेक कुठे मारायचा ते मात्र तिन्ही ठिकाणी वेगळं. आकार तो सांगतो, वेग तू ठरवतोस. ही वाटणी डोक्यात पक्की झाली की त्या आवाजावर चिडायचं कारण उरत नाही.

जुळवणी कशी करायची ते सांगतो. एकच गाडी घे, एकच देश घे, एकच स्टेज घे. गाडी शक्यतो कमी ताकदीची, पुढच्या चाकांवर चालणारी. पहिली फेरी अगदी संथ, शाळेच्या बससारखी. प्रत्येक वळणावर आकडा ऐकला की तो मोठ्याने मराठीत म्हण, "डावं चार," आणि स्टिअरिंग किती वळवावं लागलं ते हाताला जाणवू दे. मनगट एवढं वळलं म्हणजे पाच, कोपर उचललं म्हणजे तीन. घड्याळ बघू नकोस. तीन-चार फेऱ्यांनंतर ‘थ्री’ ऐकलं की डोक्यात भाषांतर न होता हात आपोआप तयार व्हायला लागेल. ‘थ्री म्हणजे तीन, तीन म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे ब्रेक’ एवढी साखळी मनात चालली तर ती वळण येईपर्यंत पुरी होत नाही. सध्या तुझं तेच होतंय.

आता तुझंच वाक्य घेऊ, कारण त्यात सगळा अभ्यासक्रम आहे.

‘लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट.’ क्रेस्ट म्हणजे चढाचा माथा. रस्ता वर जातो आणि पलीकडे उतरतो, पलीकडचं दिसत नाही. ‘ओव्हर’ आहे म्हणजे वळण माथ्यावरच आहे. माथ्यावर गाडी हलकी होते. चाकांवरचा भार कमी होतो, म्हणून टायर रस्ता नीट धरत नाहीत. तिथे ब्रेक मारलास तर चाकं लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवलंस तर गाडी सरळच जाते. त्यामुळे ब्रेक माथ्याच्या आधी, गाडी चढाला टेकलेली असताना मारायचा. गाडीचं तोंडही आधीच डावीकडे करून ठेवायचं. माथ्यावर पोचशील तेव्हा तुझं काम झालेलं असलं पाहिजे.

‘फिफ्टी.’ पुढच्या वळणापर्यंत पन्नास मीटर. कागदावर हे अंतर बरं वाटतं. ताशी ७२ किलोमीटरला तू सेकंदाला २० मीटर जातोस, म्हणजे पन्नास मीटरला अडीच सेकंद. ताशी ९० ला दोन सेकंद. ताशी १०८ ला सेकंदाला ३० मीटर, म्हणजे दोन सेकंदांपेक्षाही कमी. एवढ्या वेळात माथ्यावरून उतरलेली गाडी सावरायची, सरळ करायची आणि पुन्हा ब्रेक मारायचा. अंतर ऐकलं की त्याचे सेकंद करायची सवय लाव. शंभर म्हणजे श्वास घ्यायला वेळ, पन्नास म्हणजे जेमतेम, तीस म्हणजे वेळ नाहीच. अंतराऐवजी ‘इन्टू’ म्हणाला तर दोन वळणं चिकटलेली आहेत, मध्ये सरळ रस्ताच नाही.

‘राइट थ्री टाइटन्स.’ वळण तीनने सुरू होतं आणि पुढे आणखी घट्ट होत जातं. नव्याने खेळणारे सगळ्यात जास्त इथे आपटतात. कारण सरळ आहे, कान ‘थ्री’ पकडतो आणि त्याच आनंदात पुढचा शब्द सोडून देतो. माझा नियम असा: टाइटन्स ऐकलं की पहिला आकडा विसरायचा आणि शेवटचा धरायचा. ‘फाइव्ह टाइटन्स थ्री’ म्हणजे तुझ्यासाठी ते तीनच आहे, फक्त त्याचं दार रुंद आहे. शेवटचा आकडा सांगितला नसेल तर एक पायरी खालचं वळण समजून जा. याच्या उलट ‘ओपन्स’. तिथे वळण पुढे मोकळं होतं, म्हणून लवकर गॅस देता येतो. ‘लाँग’चा घट्टपणाशी संबंध नाही. वळण तेवढंच, पण बराच वेळ चालू राहणारं. लाँगमध्ये लोक अर्ध्यातच स्टिअरिंग सोडतात आणि बाहेरच्या कडेला जातात.

‘डोंट कट.’ आतला कोपरा कापू नकोस. तिथे दगड आहे, झाडाचा बुंधा आहे किंवा गटार आहे. गेममध्ये टायर फुटतो किंवा गाडी उलटते. आता हे दोन शब्द एकत्र बघ, टाइटन्स आणि डोंट कट. वळण घट्ट होतंय हे उशिरा लक्षात आलं की माणूस काय करतो? आणखी आत ओढतो. आणि आतच दगड आहे. म्हणजे हे वळण तुझ्याकडून जी चूक करवून घेणार, नेमक्या त्याच चुकीवर त्याने पहारा ठेवलाय. उपाय एकच, बाहेरून जा, उशिरा वळ आणि आधीच हळू हो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ही पूर्ण नोट उलटी वाच, शेवटाकडून सुरुवातीकडे. उजव्या तीनला हळू व्हायचंय. त्याआधी पन्नासच मीटर आहेत. त्याआधी माथा आहे, जिथे ब्रेक लागत नाही. मग डावं चार कुठल्या वेगाने घ्यायचं? सुटं डावं चार असतं तर तू त्याच्या पूर्ण वेगाने गेला असतास. इथे त्याचा वेग उजव्या तीनने ठरवलाय. साखळीतलं सगळ्यात मंद वळण मागच्या सगळ्यांचा वेग ठरवतं. मग ‘तो इतक्या लवकर का बोलतो’ हा प्रश्नच राहत नाही. पुढचं वळण माहीत नसेल तर हातातलं वळण नीट घेताच येत नाही, म्हणून तो लवकर बोलतो.

म्हणून ऐकायचं ते एक वळण पुढचं. हातात एक वळण, कानात दुसरं. सुरुवातीला हे पोटात ढवळल्यासारखं वाटतं. तबला शिकणारा एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने वेगळं वाजवायला लागतो तेव्हा होतं तसं. दोन-तीन आठवड्यांत बसतं. रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम पाच तास बसण्याचा उपयोग नाही, कान थकतो.

तो किती आधी बोलेल हे अलीकडच्या गेममध्ये सेटिंगमधून बदलता येतं. आत्ता लवकर बोलणारा ठेव. पुढे वेग वाढला की थोडं उशिरा कर, कारण फार आधी सांगितलेलं डोक्यात टिकत नाही. इंजिनचा आवाज कमी कर, बोलण्याचा वाढव. हेडफोन लाव. मागे गाणी नकोत. घरात कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही चालू असताना खेळलास तर आधी कानच हरतात.

‘कॉशन’ ऐकलं तर मनात प्रश्न विचारू नकोस, पाय उचल. कधी दोनदा, कधी तीनदा म्हणतात, तेव्हा समोर खरोखर गाडी मोडणारं काहीतरी असतं. ‘जंप’लाही ब्रेक आधी मारायचा, हवेत मारून काही होत नाही. बाकी ‘कीप इन’, ‘कीप आउट’, पूल, फाटक वगैरे खेळता खेळता कळेल.

एक प्रसंग सांगतो. रात्रीची स्टेज होती. पाऊस होऊन गेलेला, वही दमट. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. मी वाचलं "उजवं पाच," आणि समोर हेडलाइटमध्ये डावं वळण दिसलं. एक क्षण वाटलं, अंदाजाने पुढचं वाचावं. पण मी मोठ्याने म्हटलं, "नोट्स गेल्या, बघून चालव." ड्रायव्हरने वेग कमी केला. दोन पानांत बोट फिरवत राहिलो. पुढे एका देवळाशी काटकोनी वळण येणार हे आठवत होतं. देऊळ दिसलं, ओळ सापडली, तिथून पुन्हा वाचायला लागलो. साधारण १५ सेकंद गेले. अंदाज केला असता तर गाडी गेली असती. आजही पान उलटताना माझा अंगठा दोनदा कागद चाचपतो.

हे तुला अशासाठी सांगितलं की गेममधला माणूस ओळ हरवत नाही, पण तू हरवशील. एक नोट ऐकू येणार नाही किंवा दोन एकमेकांत मिसळतील. त्या वेळी अंदाज बांधू नकोस. गॅस सोड, एक-दोन वळणं डोळ्यांनी काढ आणि पुढच्या हेअरपिनला किंवा लांब सरळ रस्त्याला पुन्हा कान जोड. हरलेले तीन सेकंद भरून काढता येतात, मोडलेलं चाक भरून काढता येत नाही.

पडद्यापासून दूर एक सराव आहे, माझ्या मते सगळ्यात चांगला. ठाण्याला येशील तेव्हा उपवनकडून येऊरला वर जाणाऱ्या टीएमटीच्या बसमध्ये बस. खिडकीशी, शक्य तितकं पुढे, वही-पेन घेऊन. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना झाडं, बस हळू जाते. प्रत्येक वळणाला दिशा आणि आकडा लिही. माझ्या वहीत ‘डा ४’, ‘उ २’ असं असतं. लांब वळणाच्या खाली रेघ, घट्ट होत जाणाऱ्याला गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, धोक्याला उद्गारचिन्ह. पहिल्यांदा तुझी वही अर्धी रिकामी राहील. ‘डा ४’ लिहून मान वर करशील तोवर दोन वळणं गेलेली असतील, आणि जे चार लिहिलंस ते बस मध्यावर आली की आतच वळत राहिल्याचं दिसेल. मग चारच्या पुढे ते चिन्ह काढावंसं वाटेल, आणि टाइटन्स म्हणजे काय ते एकदाच कळेल. उतरताना तीच वही उलटी वाचून बघ. डावं उजवं होतं, चढ उतार होतो, आणि वर जाताना मोकळं होणारं वळण खाली येताना घट्ट होत जातं. स्वतः गाडी किंवा बाइक चालवताना हे करू नकोस. तो राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेला, माणसं चालत जाणारा रस्ता आहे. ऐरोलीहून जवळ हवं असेल तर पाम बीच रोडही आहे, पण तिथे तुझी वही ‘सहा, लांब, सहा, लांब’ यानेच भरेल.

लिहिणं आणि वाचणं यातूनच ऐकणं येतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. १९५५ च्या ‘मिले मिलिया’ या मोटार शर्यतीत ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसलेले डेनिस जेंकिन्सन हे पत्रकार होते. त्यांनी इटलीतल्या जवळजवळ १६०० किलोमीटरच्या रस्त्याच्या नोट्स एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर उतरवल्या होत्या आणि ती गुंडाळी डबीत फिरवत हाताच्या खुणांनी मॉसना सांगत गेले, कारण उघड्या गाडीत बोलणं ऐकूच येत नव्हतं. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते जिंकले. माथ्यापलीकडचा रस्ता दिसत नसतानाही मॉस पाय उचलत नव्हते, एवढा त्या खुणांवर विश्वास होता. तो विश्वास आदल्या आठवड्यांत दोघांनी मिळून तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला त्यातून आला होता.

आतेभाऊ आहे ना तुझ्याकडे? मग असं करा. एक छोटी स्टेज निवडा, पाच-सहा किलोमीटरची. तू एकदा सावकाश चालव आणि बघत बघत मराठीत बोल, तो लिहून घेईल. दुसऱ्या फेरीत तो वाचेल, तू दुरुस्त्या सांग. मग गेममधला आवाज शून्यावर आण आणि त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून वहीतून वाचायला लाव. तो उशिरा वाचेल, तू ओरडशील, मग तो फार लवकर वाचेल. नंतर खुर्च्या बदला. तू वाच, तो चालवेल. वाचताना तुला समोरचा पडदा बघायचा मोह होईल. बघू नकोस, नजर वहीवरच ठेव. गाडी कुठे आहे हे त्याच्या ब्रेकच्या आणि गिअरच्या आवाजावरून ओळखायचा प्रयत्न कर. पुढची ओळ कधी द्यायची हे ज्या दिवशी तुला त्या आवाजावरून कळेल, त्या रात्री गेममधल्या माणसाचा आवाज परत चालू कर आणि तेच झाड असलेली स्टेज घे.